नाव कोणत्या ओळीत येणार, ते आधी पाहा

सदराकडे आलेले पत्र, थोडे संक्षिप्त करून :

‘मी मूळचा सांगलीचा. लहानपणी हार्मोनियम शिकलो, पुढे कीबोर्ड आणि प्रोग्रॅमिंगकडे, म्हणजे संगणकावर वाद्यांचे ध्वनी बांधण्याकडे, वळलो. मुंबईत येऊन आठ वर्षे झाली. जाहिरातींच्या जिंगल, मालिकांची शीर्षकगीते, गणपतीतले अल्बम, एका रॅप गायकाचे ट्रॅक, दोन प्रायोगिक नाटकांचे संगीत आणि एका नावाजलेल्या संगीतकारांकडे नियमित प्रोग्रॅमिंग असे सगळे करतो. घर चालते. पण “तुझा स्वतःचा असा साउंड नाही” हे वाक्य मला सगळीकडे ऐकावे लागते. आता एका मराठी चित्रपटाचे पार्श्वसंगीत आणि एक गाणे मला देऊ केले आहे. साडेतीन लाखांचे पॅकेज, पाच आठवड्यांची मुदत आणि करारात “सर्व हक्क कायमस्वरूपी निर्मात्याकडे राहतील” असे कलम आहे. बाकीची कामे सोडून मी फक्त चित्रपटाकडे वळावे का? एकच शैली धरावी का? परदेशातला एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम करावा का? आणि हा करार करावा का? कृपया नाव छापू नये.’

सप्रेम नमस्कार.

चित्रपट घ्या. बाकीची कामे सोडू नका. करार आहे त्या स्वरूपात सही करू नका. आता यामागची कारणे सविस्तर लिहितो, कारण तुम्ही एकच प्रश्न चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला आहे, असे मला पत्र वाचताना वाटले.

‘तुझा साउंड नाही’ या वाक्याने तुम्ही बरेच दुखावलेले दिसता. पण तुम्ही दिलेली कामांची यादी पुन्हा एकदा वाचा आणि प्रत्येक कामापुढे आपले नाव लोकांना कुठे दिसले, ते लिहा. जिंगलवर संगीतकाराचे नाव नसतेच. रॅपच्या ट्रॅकवर गायकाचे नाव ठळक असते आणि तुमचे असलेच तर वर्णनाच्या शेवटच्या ओळीत. नावाजलेल्या संगीतकारांकडच्या प्रोग्रॅमिंगमध्ये तुमचे नाव सहायकांच्या गर्दीत जाते किंवा जातही नाही. म्हणजे ही सगळी कामे एकाच माणसाने केली आहेत, हे तुमच्याखेरीज फारसे कोणाला ठाऊक नाही. ती एकत्र ऐकण्याची संधीच ज्यांना मिळालेली नाही, त्यांना त्यांतला समान धागा कसा ऐकू येणार? शैली कमी पडते आहे की श्रेय, हे न तपासता एकच शैली धरलीत, तर उद्या त्या एकाच शैलीतली कामेही अशीच निनावी होत राहतील.

आपल्या चित्रपटसंगीताचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. हिंदी चित्रपटांच्या बहराच्या काळात वाद्यवृंदाची रचना करणाऱ्या अरेंजरांमध्ये गोव्याची माणसे मोठ्या संख्येने होती. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली काही नावे. पाश्चात्त्य स्वरलिपी, जॅझ आणि चर्चमधले समूहगान यांवर हुकमत असलेले हे लोक आज ठुमरीच्या अंगाचे गाणे, उद्या क्लबमधले गाणे आणि परवा अंगाई असे सगळे हाताळत होते. त्यांच्या अष्टपैलुत्वावर कोणी शंका घेतली नाही, पण बाहेरच्या श्रोत्याला त्यांची नावे माहीत नव्हती. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घराघरांत पोचले ते १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’तल्या एका गाण्याच्या मुखड्यातून, कारण त्या चित्रपटाच्या संगीतकार जोडीतले प्यारेलाल हे व्हायोलिन त्यांच्याकडे शिकलेले होते आणि त्यांनी गुरूला केलेला तो मुजरा होता. ते गाणे गुणगुणणाऱ्या बहुतेकांना तेव्हाही हा एक खराखुरा व्हायोलिनवादक आहे, हे ठाऊक नव्हते. त्याच प्यारेलाल यांनी लक्ष्मीकांत यांच्यासह इतरांच्या वाद्यवृंदात वाजवत आणि कल्याणजी-आनंदजींकडे सहायकी करीत उमेदवारी केली आणि १९६३ च्या ‘पारसमणी’पासून स्वतःच्या नावावर काम सुरू केले. शाळा तीच होती. एकाच्या नावावर चित्रपट आले, दुसऱ्याच्या नावावर एक मुखडा.

अष्टपैलुत्वाने ओळख पुसली जाते, ही समजूत मला तरी पटत नाही. अशोक पत्की यांचे उदाहरण तुमच्या मार्गाच्या सर्वांत जवळचे आहे. त्यांनी जयदेव यांच्याकडे सहायक म्हणून काम केले, असंख्य जिंगल केल्या, ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’सारख्या मालिकांची शीर्षकगीते केली, ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची चाल बांधली आणि ‘अंतर्नाद’ या कोंकणी चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यांतल्या कोणत्या कामाला त्यांची ‘खरी’ शैली म्हणायचे? मला विचाराल तर जिंगलने त्यांना तीस सेकंदांत चाल पूर्ण करायला लावले आणि तीच शिस्त शीर्षकगीतांत उतरली. पहिल्याच ओळीत गाणे लक्षात राहते, ते त्यामुळे. ए. आर. रहमान यांचेही तसेच आहे. १९९२ च्या ‘रोजा’आधी ते दुसऱ्यांच्या वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवत होते, जिंगल करत होते आणि घरच्या स्टुडिओत ध्वनीशी खेळत होते.

अमेरिकेतल्या क्विन्सी जोन्स यांची कारकीर्द तर या प्रश्नाचे जणू उत्तर म्हणूनच घडली असावी. लायनेल हॅम्प्टन यांच्या बँडमधला ट्रम्पेटवादक, काउंट बेसी आणि फ्रँक सिनात्रा यांचा अरेंजर, मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीतला वरिष्ठ अधिकारी, १९६० च्या दशकात ‘द पॉनब्रोकर’ आणि ‘इन द हीट ऑफ द नाइट’ या चित्रपटांचा संगीतकार आणि पुढे मायकल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’ या अल्बमचा निर्माता. या सगळ्यांत जॅझची शैली समान नाही, पॉपचीही नाही. समान आहे ते अरेंजरचे कसब. गाणारा श्वास घेतो तेव्हा कोणते वाद्य पुढे यायचे आणि तो गाऊ लागला की कोणते मागे सरायचे, याची अचूक जाण. जाता जाता एक गंमत सांगतो. हे जोन्स १९५० च्या दशकात पॅरिसमध्ये नादिया बुलांजे यांच्याकडे शिकले आणि त्याच दशकात त्याच बाईंकडे आपले वनराज भाटियाही शिकत होते. भाटिया मुंबईला परतले आणि त्यांनी जाहिरातींना संगीत दिले. लिरिल साबणाची ती धून त्यांचीच. पुढे त्यांनी ‘अंकुर’, ‘मंथन’, ‘भूमिका’ केले आणि ‘तमस’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. साबणाची धून करणारा माणूस फाळणीच्या कथेला संगीत देऊ शकेल का, अशी शंका त्यांच्या दिग्दर्शकांना आली नाही.

तेव्हा शैलीचा प्रश्न बाजूला ठेवा. पार्श्वसंगीताला जे लागते ते तुमच्याकडे आहे का, हे पाहू. तुमच्या यादीत मला सर्वांत मोलाची वाटली ती दोन नाटके, जी तुम्ही अगदी ओझरती लिहिली आहेत. मराठी रंगभूमीने चित्रपटाला दिलेले संगीतकार पाहा. ‘घाशीराम कोतवाल’चे संगीत करणारे भास्कर चंदावरकर पुढे ‘सामना’चे संगीतकार झाले आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अनेक वर्षे संगीत शिकवले. ‘महानिर्वाण’चे आनंद मोदक पुढे ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’पर्यंत पोचले. नाटकात नट रोज तेच वाक्य वेगळ्या लयीत म्हणतो आणि संगीताला त्याच्या मागे जावे लागते. शब्दाला जागा सोडण्याची सवय तिथे लागते. परदेशी अभ्यासक्रमात ती विकत मिळत नाही. अभ्यासक्रम करायचाच असेल तर वाद्यवृंदलेखनाचा करा, तोही हा चित्रपट संपल्यावर.

आता एक दृश्य समोर ठेवून बोलू, म्हणजे माझे म्हणणे हवेत राहणार नाही. समजा, एसटी स्टँडवर एक म्हातारा मुलाचे पत्र उघडतो, वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो. दृश्य चाळीस सेकंदांचे आहे आणि मध्ये त्याचे एकच वाक्य आहे. एडिटरने तिथे कुठल्यातरी परदेशी चित्रपटातले पियानोचे टेम्प म्युझिक, म्हणजे तात्पुरते संगीत, लावलेले असते आणि गेले दोन महिने ते ऐकून दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडलेला असतो. तुमचा हात आधी टेम्पसारखेच काहीतरी करायला जाईल, कारण आठ वर्षे ‘असे पाहिजे’ म्हटले की तसे करून देण्याची तुम्हाला सवय आहे. तो हात आवरा. टेम्प बंद करून दृश्य नुसत्या आवाजांवर पाहा. बसचे इंजिन, कंडक्टरची हाक, कागदाचा आवाज. कदाचित पत्र वाचून होईपर्यंत संगीताची गरजच नसेल आणि ते घडी घालताना, वाक्य संपल्यानंतर अर्ध्या सेकंदाने यावे लागेल. वाद्य निवडताना म्हाताऱ्याच्या आवाजाची पट्टी ऐका. त्याच पट्टीत हार्मोनियम किंवा सारंगी सलग वाजली, तर मिक्सच्या वेळी रेकॉर्डिस्ट संगीताचा फेडर खाली ओढेल आणि तुमची मेहनत कोणालाच ऐकू येणार नाही.

मग समजा, दिग्दर्शकाला ते पूर्ण दृश्यभरच हवे आहे. मिनिटाला ७२ मात्रांच्या लयीत चार मात्रांचे बारा बार, म्हणजे बारा आवर्तने, बरोबर चाळीस सेकंद. तुम्ही ते बांधून दिले आणि चार दिवसांनी एडिटरने तीन सेकंद कापले. नवखा माणूस शेवट फेड करतो. जाणता माणूस एक बार काढतो आणि लय ७१.३५ वर आणतो. अकरा बार सदतीस सेकंदांत बसतात, लयीतला फरक कोणाच्या कानाला कळत नाही आणि समेची जागा चित्रातल्या त्याच हालचालीवर राहते. कोणता बार काढायचा, हे मात्र गणिताने ठरत नाही. तिथे चालीची जाण लागते. ती तुम्ही जिंगलमध्ये कमावली आहे, कारण तिथे तीस सेकंदांचे वीस आणि विसाचे दहा करण्यातच तुमची वर्षे गेली असतील. म्हणून म्हणतो, ती कामे सोडू नका. मराठी चित्रपट एकामागून एक मिळत राहतील, असे गृहीत धरून घरखर्च मांडता येत नाही, हे दुसरे कारण. ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

आता पॅकेज. साडेतीन लाख कमी की जास्त, हे आकडा पाहून सांगता येणार नाही, कारण पॅकेजमध्ये वादक, गायक, स्टुडिओचे तास आणि मिक्सिंग हे सगळे तुमच्या खिशातून जाते. चित्रपट साधारण दोन तासांचा असेल आणि त्यात पंचेचाळीस मिनिटे संगीत लागणार असेल, तर रोज दोन मिनिटांचे पक्के संगीत तयार होते असे धरले तरी बावीस-तेवीस दिवस नुसत्या रचनेला हवेत. पाच आठवड्यांतले उरलेले दहा-बारा दिवस वादकांचे रेकॉर्डिंग, दुरुस्त्या आणि ते गाणे यांत जातील. म्हणजे काम होऊ शकते, पण ‘पिक्चर लॉक’, म्हणजे एडिट पक्के, झाल्यावरच मुदत सुरू झाली तर. एडिट चालू असतानाच घड्याळ सुरू झाले, तर तुम्ही एकच दृश्य तीनदा बांधाल आणि पॅकेज तेवढेच राहील. म्हणून करारात तीन गोष्टी लिहून घ्या : मुदत एडिट पक्के झाल्या दिवसापासून मोजली जाईल, त्यानंतरच्या बदलांसाठी वेगळा मोबदला असेल आणि तुमचे मानधन व रेकॉर्डिंगचा खर्च हे दोन वेगळे आकडे असतील. तिसरी गोष्ट निर्मात्याला आवडणार नाही. तरीही आग्रह धरा. एकच आकडा असला की खरे व्हायोलिन घ्यावे की सॅम्पलवर भागवावे, हा निर्णय तुम्ही कानाने न घेता स्वतःच्या घरभाड्याकडे पाहून घेऊ लागता, आणि त्याचा परिणाम पडद्यावर ऐकू येतो. शेवटचा हप्ता अंतिम स्टेम, म्हणजे संगीताचे वाद्यगटांनुसार वेगळे केलेले ट्रॅक, हाती देण्याआधी मिळाला पाहिजे. स्टेम एकदा गेले की तुमच्या फोनला उत्तर द्यायची घाई कोणाला राहत नाही.

हक्कांच्या कलमावर मात्र थोडे थांबायला हवे, कारण इथे बहुतेक तरुण संगीतकार एकतर घाबरून सही करतात किंवा घाबरून काम सोडतात. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतले आणि करारात वेगळे काही म्हटलेले नसेल, तर त्या हक्काचा पहिला मालक निर्माताच ठरतो. पुढची अनेक वर्षे संगीतकार आणि गीतकार याच निकालाखाली राहिले. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यासाठी राज्यसभेत जावेद अख्तर यांनी मोठा पाठपुरावा केला होता. या दुरुस्तीनुसार चित्रपटगृहात चित्रपटासोबत संगीत वाजते तेवढा वापर सोडून इतर वापराच्या रॉयल्टीत संगीतकाराला समान वाटा मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही आणि तो सोडून देण्याचा करार केला तरी तो कायद्याने निरर्थक ठरतो. म्हणजे निर्मात्याकडे हक्क गेले तरी तुमचा रॉयल्टीचा वाटा त्या कलमाने बुडत नाही. पण कागदावरचा हक्क आपोआप बँकेत जमा होत नाही. त्यासाठी संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचे सभासद व्हा, प्रत्येक रचना तिथे नोंदवा आणि चित्रपटाची क्यू शीट, म्हणजे कोणत्या दृश्यात किती सेकंद कोणाची रचना वाजते याचा तक्ता, स्वतः तयार करून निर्मात्याची त्यावर सही घ्या. पार्श्वसंगीताच्या बाबतीत हा तक्ता कोणीच करत नाही, अशी तक्रार सगळे करतात. तो करायला एक दुपार लागते.

कलम कसे बदलून मागायचे? ‘सर्व हक्क’ या शब्दांवर भांडू नका, त्याने बोलणी तिथेच अडतील. त्याच्याखाली एक वाक्य जोडून मागा की, कायद्याने संगीतकाराला असलेला रॉयल्टीचा हक्क अबाधित राहील. शिवाय श्रेयाचे कलम हवे. पडद्यावर, पोस्टरवर, ट्रेलरखाली आणि गाण्याच्या प्रत्येक डिजिटल नोंदीत तुमचे नाव कोणत्या शब्दांत आणि कोणत्या जागी येईल, ते लिहून घ्या. हे कलम मिळवण्यासाठी मानधनात थोडी तडजोड करावी लागली तरी करा, असे मी म्हणेन. इतर कोणत्याही कलमासाठी पैसे सोडायला मी सांगणार नाही. सही करण्यापूर्वी कॉपीराइटची कामे करणाऱ्या एखाद्या वकिलाला करार दाखवा. त्याची फी या पॅकेजच्या मानाने किरकोळ असेल.

प्रोग्रॅमिंगबद्दल एक कटू गोष्ट सांगायला हवी. कायदा ज्याला संगीतकार म्हणतो त्यात संगीत रचणारा येतो. तुम्ही दुसऱ्याच्या चालीला कितीही सुंदर ध्वनी चढवलात, तरी संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही. तिथे मिळते ती फी आणि ठरले असेल तर श्रेय. म्हणून त्या कामाचे मोल शिकण्यात आणि फीमध्येच मोजा. मात्र कधी एखादा अंतरा किंवा गाण्याची मुख्य धूनच तुमची असेल, तर ती रेकॉर्ड होण्याआधी शांतपणे विषय काढा, नंतर नाही. ज्यांच्याकडे तुम्ही इतकी वर्षे आहात, ते या चित्रपटाची बातमी ऐकून काय म्हणतील, याची धास्ती तुमच्या पत्रात ओळींमधून दिसते, जरी तुम्ही तसे विचारलेले नाही. त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळू देऊ नका. सही करण्याआधी स्वतः जाऊन भेटा, पाच आठवड्यांच्या तारखा सांगा, त्या काळात त्यांचे काम सांभाळू शकेल असा एखादा चांगला मुलगा सुचवा आणि परत कधी रुजू होणार तेही सांगा. या पिढीतल्या बऱ्याच लोकांनी असाच कोणाचातरी निरोप घेऊन पहिले काम केलेले असते, त्यामुळे ते रागावतील असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. रागावलेच, तर त्यांच्याकडची फी थांबेल आणि तेवढ्या महिन्यांचा खर्च जिंगलमधून निघतो का, हा हिशेब मात्र भेटीला जाण्याआधी करून ठेवा.